मनाच्या दवाखान्यातील उमेदवारी

वैद्यकविद्येत उमेदवारी ही गोष्ट इतकी जुनी आणि अंगवळणी पडलेली आहे की, तिला कधीकाळी प्रारंभ झाला असेल हे आपल्या मनातही येत नाही. गुरूच्या घरी राहून, खलात औषधे घोटून आणि नाडी पाहणाऱ्या वैद्यराजांच्या मागे तासन्तास उभे राहून शिष्य तयार होत असे; पुढे पाश्चात्त्य धर्तीची इस्पितळे आली, तेव्हा तोच शिष्य पांढरा डगला घालून रुग्णाच्या खाटेभोवती उभा राहू लागला, एवढाच काय तो फरक. मानसशास्त्राच्या नशिबी असली परंपरा नव्हती. ते तत्त्वज्ञानाच्या घरी जन्मले, प्रयोगशाळेत वाढले, आणि एकोणिसावे शतक सरत आले तरी एखाद्या त्रस्त माणसाने त्याच्या दाराशी येऊन मदत मागावी, असा प्रसंग त्याच्यावर क्वचितच आला. त्यामुळे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हाताखाली घेऊन विद्यापीठाने चालविलेले मानसचिकित्सालय ही संस्था सव्वाशे वर्षांच्या आसपासचीच आहे. तिचा वृत्तान्त लिहिणारे बहुधा पंथोपपंथांच्या लढाया सांगतात; मनोविश्लेषणवादी काय म्हणाले, वर्तनवाद्यांनी त्यांना काय उत्तर दिले, याचीच जंत्री त्यांत असते. मला मात्र या संस्थेचा खरा इतिहास तिच्या दप्तरात दिसतो. आलेल्या माणसाची कैफियत कोणी लिहून घेतली, ती कोणी तपासली, तिच्याखाली सही कोणाची झाली आणि चूक झाल्यास जाब कोणाला विचारला गेला, या चार प्रश्नांच्या उत्तरांत जसजसा पालट होत गेला, तसतशी ही संस्था घडत गेली.

प्रारंभ अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झाला. लायट्नर विट्मर हा तेथल्याच एका औषधविक्रेत्याचा मुलगा, जन्म १८६७ चा. पदवी घेतल्यावर त्याने काही काळ शाळामास्तरकी केली, मग विद्यापीठात जेम्स मक्कीन कॅटेलच्या हाताखाली प्रयोग शिकला, आणि शेवटी जर्मनीत लाइपझिगला जाऊन विल्हेल्म वुंटपाशी डॉक्टरेटचा अभ्यास पुरा करून १८९२ मध्ये आपल्याच विद्यापीठातील प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणून परतला. तोवर कॅटेल कोलंबिया विद्यापीठात गेला होता. लाइपझिगची विद्या म्हणजे सेकंदाच्या सहस्रांशाची विद्या: दिवा दिसल्यापासून बोट हलेपर्यंत किती काळ जातो, दोन स्वरांतील भेद कानाला कोठवर कळतो, असल्या मोजमापांत तेथील पंडितांची हयात जाई. ही विद्या घेऊन आलेला तरुण प्राध्यापक शहरातील शाळाशिक्षकांसाठी चालणाऱ्या वर्गांतही शिकवू लागला, आणि त्या वर्गांमुळेच पुढचा सारा प्रकार घडून आला. प्रयोगशाळेत येणारा मनुष्य प्रयोगापुरता येतो आणि निघून जातो. शिक्षकाच्या वर्गात मात्र तीच मुले रोज समोर बसतात, आणि त्यांतले एखादे काही केल्या पुढे सरकत नसेल तर ते बाईंच्या डोळ्यांआड होत नाही.

मार्च १८९६ मध्ये मार्गारेट मॅग्वायर नावाच्या शिक्षिकेने आपला असाच एक विद्यार्थी विट्मरपुढे आणून उभा केला. मुलगा चौदा वर्षांचा. बोलण्याचालण्यात, समजुतीत कोठेही मंद नव्हता. पण त्याला शुद्धलेखन म्हणून येत नसे, आणि वाचताना साधेसाधे शब्द उलटेसुलटे होत. इंग्रजीतला ‘वॉज’ हा शब्द तो ‘सॉ’ असा वाची, म्हणजे तीच तीन अक्षरे शेवटाकडून. विट्मरने ग्रंथ चाळले; त्यांत अशा मुलाचे काय करावे याची वाट दाखविणारे काही सापडेना. तेव्हा त्याने मनाशी हिशेब केला तो असा की, स्मरण, अवधान आणि संवेदना यांचे शास्त्र म्हणून आपण मिरवतो, आणि एका पोराला लिहिता-वाचता येत नाही एवढ्याचाही उलगडा त्या शास्त्राला होत नसेल, तर त्याची किंमत ती काय! त्याने मुलाची दृष्टी तपासली. डोळ्यांत दोष निघाला. एकाच्या जागी दोन दिसत होते. चष्मा आला, पण चष्म्याने सारे भागले नाही. शब्दाचे चित्र डोळ्यांपुढून गेले की मनातूनही पुसले जाई, आणि त्यासाठी महिनोन्‌महिने एकेक शब्द घेऊन शिकवणी करावी लागली. हे प्रकरण अकरा वर्षांनी, १९०७ मध्ये, छापून प्रसिद्ध झाले तेव्हा मुलाचे नाव ‘चार्ल्स गिल्मन’ असे दिले होते. ते खोटे नाव होते. खरे नाव दप्तरात, छापील कागदावर उसने, हा शिरस्ता या विद्येच्या पहिल्याच प्रकरणापासून सुरू झाला.

१८९६ च्याच डिसेंबरात बोस्टनला मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेपुढे विट्मरने आपला मनोदय मांडला: विद्यापीठातील मानसशास्त्राने दवाखाना उघडावा, शिक्षक व वैद्य यांना तेथे प्रत्यक्ष काम शिकवावे, आणि असे काम करणाऱ्यांचा एक नवा व्यवसाय उभा करावा. तेथे हजर असलेल्या एकाने पुढे आठवण सांगितली तीनुसार, या भाषणाचा परिणाम एवढाच झाला की काही वयोवृद्ध सभासदांच्या भुवया किंचित वर गेल्या. विद्वत्सभेत नव्या प्रस्तावाची यापेक्षा सभ्य बोळवण क्वचितच होत असेल. विट्मर मोठा हेकट मनुष्य होता. वय, मान, कीर्ती यांची त्याला भीड नसे, आणि पुढे विल्यम जेम्ससारख्या सर्वमान्य पुरुषावरही त्याने छापील टीकेची झोड उठविली. भुवयांकडे दुर्लक्ष करून १८९७ च्या उन्हाळ्यात त्याने चार आठवड्यांचा वर्ग काढला, आणि त्यात रोज मुले तपासून दाखविण्याचा क्रम ठेवला. उमेदवारी सुरू झाली ती येथे.

विट्मरच्या या दवाखान्यात चाले काय, ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. मूल येई ते शाळेकडून, डॉक्टरकडून, क्वचित हताश आईबापांकडून. आधी वैद्य त्याचे डोळे, कान, घसा, दात पाहून घेई, कारण ढ म्हणून शिक्का बसलेल्या मुलांपैकी काहींना मुळात नीट दिसतच नाही, हे विट्मर पहिल्या प्रकरणातच शिकला होता. मग त्याच्यापुढे एक लाकडी फळा ठेवीत. त्यात गोल, चौकोनी, तारकाकृती अशा खाचा कोरलेल्या असत आणि त्या त्या आकाराचे ठोकळे बाजूला काढून ठेवलेले. ठोकळे आपापल्या जागी बसवायचे, एवढेच मुलाचे काम. किती वेळ लागला हे घड्याळ सांगेच. पण विट्मरचा कटाक्ष असा की, घड्याळापेक्षा मुलाच्या हाताकडे पाहावे. चुकीच्या खाचेत ठोकळा दडपून बसवू पाहणारे मूल, एकदा चुकल्यावर दुसरी खाच शोधणारे मूल, आणि हात लावण्यापूर्वी क्षणभर थांबून सारा फळा न्याहाळणारे मूल, या तिघांची वेळ एक आली तरी तिघांची बुद्धी एक नव्हे. दवाखान्याकडून समाजसेविका मुलाच्या घरी जाई, चूल कशी पेटते, अंथरूण किती जणांत वाटलेले आहे, बाप घरी केव्हा येतो, याची माहिती आणी. हे सारे एका प्रकरणाच्या फाइलीत जमा होई, आणि मग निदान, मग शिकवणी, मग पुन्हा तपासणी. शिकवून पाहिल्याशिवाय मुलात काय आहे ते कळत नाही, हा विट्मरचा मोठा सिद्धान्त. आणि एका बैठकीच्या गुणांवरून मुलाची बुद्धी कायमची ठरवून टाकणाऱ्या त्या काळच्या चाचणीवाल्यांपेक्षा तो मला अधिक शहाणा वाटतो.

परंतु विद्यार्थी शिकत कसे? येथे विट्मरने वैद्यकाच्या कॉलेजातील रिवाज जसाच्या तसा उचलला होता. वर्गापुढे मूल आणून बसवावयाचे, प्राध्यापकाने त्याच्याशी बोलावयाचे, फळा पुढे करावयाचा, आणि समोरच्या बाकांवरील विद्यार्थ्यांनी टिपणे घ्यावयाची. गुडघ्याचे हाड मोडलेल्या मनुष्याला अशा प्रदर्शनाचा फारसा उपद्रव होत नसेल. पण जे मूल आधीच वर्गात हसे होऊन आलेले आहे, त्याला पुन्हा एका वर्गापुढे बसविण्यात उपचार किती आणि उपमर्द किती, हा प्रश्न त्या काळी कोणी मोठ्याने विचारलेला दिसत नाही. पालकांना फुकट किंवा अल्प खर्चात तज्ज्ञ मिळे, आणि त्या सवलतीचे मोल म्हणून मुलाचे दर्शन विद्यार्थ्यांना घडे. हा व्यवहार उघड होता, लबाडीचा नव्हता; पण रुग्णाचे हित आणि विद्यार्थ्याचे शिक्षण ही एकाच गाडीला जुंपली की त्यांची चाल नेहमीच जुळते असे नाही, आणि पुढील सर्व काळात या संस्थेची बहुतेक अक्कल या दोहोंचा मेळ घालण्यातच खर्च झाली आहे.

१९०७ मध्ये विट्मरने एक नियतकालिक काढले. ते १९३५ पर्यंत चालले. त्याच्या पहिल्या अंकातील लेखात त्याने ‘क्लिनिकल सायकॉलॉजी’ हे नाव या नव्या विद्येस दिले, आणि तेच पुढे रूढ झाले. दवाखान्याचा व्याप वाढला. एडविन ट्विटमायर याने वाचादोषांची शाखा सांभाळली, मॉरिस व्हिटेलिस याने व्यवसायमार्गदर्शनाची काढली. आयोवा, पिट्सबर्ग अशा इतर ठिकाणीही विद्यापीठांनी दवाखाने उघडले. १९३७ मध्ये विट्मर निवृत्त झाला. तोपर्यंत एक गोष्ट स्पष्ट झाली होती: हे दवाखाने मुख्यत्वे मुलांचे आणि शाळेतील अडचणींचे होते. प्रौढ माणसाचे दुःख, भय, नैराश्य हा वैद्यांचा मुलूख समजला जाई, आणि तेथे मानसशास्त्रज्ञाला मुखत्यारी नव्हती; चाचण्या घेऊन अहवाल पुढे धाडावा, एवढीच त्याची पायरी.

ती पायरी बदलली दोन कारणांनी, आणि त्यांतले मला अधिक नवलाचे वाटते ते यंत्राचे. कार्ल रॉजर्स १९४० मध्ये ओहायो राज्य विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आला आणि विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष रुग्णाशी मुलाखती कराव्यात, त्यांवर शिक्षकाची देखरेख असावी, असा वर्ग त्याने सुरू केला. येथवर काही नवे नाही असे कोणी म्हणेल. नवे होते ते ध्वनिमुद्रण. बर्नार्ड कव्हनर नावाच्या त्याच्या विद्यार्थ्याने यंत्रसामग्री जुळविली. मुद्रणाच्या तबकड्या अवघ्या काही मिनिटांत भरत, म्हणून मुलाखत पुरी टिपायची तर एक यंत्र संपत आले की दुसरे सुरू करावे लागे, आणि नंतर ते सारे बोलणे कोणीतरी बसून अक्षरशः उतरवून काढी. तोवर बंद दाराआड काय घडले याचा दाखला म्हणजे उमेदवाराने आठवणीने लिहिलेले टिपण. आणि आठवण ही आपल्या धन्याची नेहमीच पक्षपाती असते. रुग्ण काय म्हणाला ते टिपणात येई, पण आपण त्याचे बोलणे मध्येच कोठे तोडले, कोठे उपदेशाचा डोस पाजला, ते येत नसे. तबकडी भीड बाळगत नाही. रॉजर्सच्या एका सहकाऱ्याने मुद्रित मुलाखतींतील शब्द मोजले, तेव्हा उपदेश करणारे समुपदेशक हे ऐकून घेणाऱ्यांच्या जवळजवळ सहापट बोलतात असे आढळले. १९४२ मध्ये रॉजर्सने आपल्या ग्रंथात एका संपूर्ण प्रकरणाच्या आठही मुलाखती शब्दशः छापल्या. येथेही रुग्णाचे नाव उसनेच होते. मोठमोठ्या मनोविश्लेषकांनी शिष्यांना अनेक वर्षे शिकविले. पण आपण स्वतः खोलीत नेमके काय बोलतो ते एका अक्षराचाही फेरफार न करता ऐकविण्याचे धैर्य त्यांच्यातल्या फार थोड्यांना झाले. शिष्याची तालीम गुरूच्या थोरवीवर अवलंबून असते, या आपल्या पौर्वात्य समजुतीलाही हा प्रकार जरा पेचात टाकणारा आहे. कारण तबकडीपुढे गुरू आणि शिष्य सारखेच उघडे पडतात.

दुसरे कारण महायुद्धाचे. लढाई संपली तेव्हा लक्षावधी सैनिक घरी परतले, आणि त्यांच्यापैकी अनेकांची जखम दिसणारी नव्हती. मनोवैद्य हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेव्हा निवृत्त सैनिकांच्या सरकारी खात्याने १९४६ मध्ये २२ विद्यापीठांतून सुमारे २०० विद्यार्थ्यांना वेतन देऊन तयार करण्यास घेतले. त्याच वर्षी मानसिक आरोग्याचा राष्ट्रीय कायदा होऊन प्रशिक्षणासाठी सरकारी तिजोरी खुली झाली. पैसा आला की नियम येतात. डेव्हिड शॅको याच्या समितीने १९४७ मध्ये अभ्यासक्रमाचा मसुदा केला, आणि १९४९ च्या उन्हाळ्यात कोलोरॅडोतील बोल्डर गावी सत्तराहून अधिक जाणते दोन आठवडे एकत्र बसले. या व्यवसायात येणाऱ्याने संशोधकही व्हावे आणि उपचारकही व्हावे, म्हणजे डॉक्टरेटचा प्रबंध लिहावा आणि रुग्णही पाहावेत, असा तेथे निर्णय झाला. बोल्डरच्या ठरावाची स्तुती पुष्कळ झाली आहे. माझ्या मते ती एक तडजोड होती: विद्यापीठाला प्रबंध हवा होता, सरकारला उपचारक हवे होते, आणि विद्यार्थ्याला एकाच आयुष्यात दोन्ही मालकांची चाकरी पत्करावी लागली. १९७३ मध्ये त्याच प्रांतातील व्हेल येथे दुसरी परिषद भरून निव्वळ व्यवसायाची निराळी पदवीही मान्य झाली, यावरून ती चाकरी सर्वांना झेपत नव्हती हे उघड आहे.

या ठरावांनंतर विद्यापीठांतील दवाखाना चालविणे हा एक स्वतंत्र हुद्दाच होऊन बसला. त्या हुद्देदाराचे कामकाज पाहिले तर पंडितापेक्षा मामलेदाराची आठवण यावी. आलेल्याची प्राथमिक मुलाखत, प्रतीक्षायादी, मिळकतीप्रमाणे कमी-अधिक आकारली जाणारी फी, खोल्यांची वाटणी, कोणते प्रकरण कोणत्या उमेदवाराला झेपेल याची तजवीज. शिवाय जे झेपणारच नाही ते नम्रपणे अन्यत्र पाठविणे. आपल्यावर उपचार करणारा विद्यार्थी आहे, त्याच्यावर अमुक प्राध्यापकाची देखरेख आहे आणि मुलाखत मुद्रित होणार आहे, हे रुग्णाला आधी सांगून त्याची लेखी कबुली घ्यावी लागते. दर आठवड्याला उमेदवार पर्यवेक्षकापुढे बसतो. मुद्रण लावले जाते, थांबविले जाते, पुन्हा लावले जाते. टिपणाखाली उमेदवाराची सही आणि तिच्याखाली पर्यवेक्षकाची. ही दुसरी सही या साऱ्या रचनेचा कणा आहे, कारण तिच्यायोगे अननुभवी हाताने केलेल्या कामाची जबाबदारी अनुभवी हात पत्करतो.

आणि विद्यापीठाचे वर्ष संपले की जे होते त्याची कल्पना बाहेरच्याला सहसा नसते. उमेदवार पुढच्या वर्षी अन्यत्र जातो. रुग्ण तेथेच राहतो. मग प्रकरण दुसऱ्या उमेदवाराकडे सोपवायचे, त्यासाठी हस्तांतराचा अहवाल लिहायचा, जुन्याने नव्याची गाठ घालून द्यायची. अशा दवाखान्यात तीन-चार वर्षे येणारा मनुष्य तितक्याच उमेदवारांना आपली कहाणी पुन्हा सांगतो, आणि त्या दवाखान्याचा रागरंग त्याला कोणत्याही उमेदवारापेक्षा अधिक ठाऊक असतो. शिकाऊ हाताकडून कमी फीत उपचार घेण्याची ही न छापलेली किंमत आहे. ती टाळण्याचा उपाय अद्याप कोणत्याही संचालकाला पूर्णपणे सापडलेला नाही. उन्हाळ्यापूर्वी नवी प्रकरणे घेणे कमी करणे आणि निरोपासाठी काही बैठका मुद्दाम राखून ठेवणे, एवढेच बहुतेक ठिकाणी होते.

दप्तराचे महत्त्व किती, याचा सर्वांत कठोर धडा कॅलिफोर्नियात मिळाला. तो शिकाऊ दवाखान्यातला नसून बर्कली येथील विद्यापीठाच्या इस्पितळातला आहे. पण आज असा एकही शिकाऊ दवाखाना नसेल, जेथे तो शिकविला जात नाही. भारतातून शिकायला गेलेला एक विद्यार्थी १९६९ मध्ये तेथील मानसशास्त्रज्ञाकडे उपचारासाठी जात होता. आपण एका मुलीचा जीव घेणार, असे त्याने बोलून दाखविले. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना तोंडी आणि पत्राने कळविले. पोलिसांनी त्याला धरले आणि तो शुद्धीवर दिसतो म्हणून सोडून दिले. वरिष्ठ मनोवैद्याने ते पत्र परत मागविले, आणि पत्राच्या प्रती व उपचाराची टिपणे नष्ट करण्याचा हुकूम दिला. मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कोणी सावध केले नाही. ऑक्टोबरात त्या विद्यार्थ्याने त्या मुलीचा, तातियाना तारासॉफ हिचा, खून केला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, रुग्णाकडून कोणाच्या जिवाला गंभीर धोका आहे असे कळले किंवा कळायला हवे होते, तर त्या व्यक्तीच्या रक्षणासाठी वाजवी काळजी घेणे हे उपचारकाचे कर्तव्य आहे. गुप्ततेच्या जुन्या शपथेला या निकालाने मर्यादा घातली. उमेदवारांपुढे हे प्रकरण बहुधा कर्तव्याचा धडा म्हणून ठेवतात. मला त्यात देखरेखीचा धडाही तितकाच मोठा दिसतो. हाताखालच्याने धोका ओळखला होता, लिहूनही ठेवला होता; तो कागद वरच्या सहीने पुसला गेला.

आपल्याकडे ही संस्था निराळ्या वाटेने आली. मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत काम करणाऱ्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या नेतृत्वाखाली १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले, आणि लगेच पुढच्या वर्षी त्याने बालमार्गदर्शनाचा दवाखाना उघडला. पदवीनंतर शिकायला आलेले विद्यार्थी तेथे घरभेटी करीत, प्रकरणे लिहीत. म्हणजे विट्मरच्या दवाखान्याचे अर्धे अंग मुंबईला आले, पण ते मानसशास्त्राच्या नव्हे, समाजकार्याच्या हाती. उपचाराची तालीम पुढे बेंगळुरूला गेली. १९५४ मध्ये तेथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली, आणि लौकरच तिने मानसशास्त्राच्या पदवीधरांसाठी पदविकेचा अभ्यासक्रम सुरू केला. ही तालीम इस्पितळाच्या आवारातली, मनोवैद्याच्या छायेतली. आपल्या विद्यापीठांतील मानसशास्त्र विभाग मात्र पुष्कळ वर्षे लाइपझिगच्याच अंगणात राहिले: आरशात पाहून तारा गिरविणे, निरर्थक अक्षरसमूह पाठ करणे, वर्गातल्याच मित्राला समोर बसवून प्रयोग करणे आणि जर्नल सुवाच्य अक्षरात पुरे करून त्यावर सरांची सही घेणे. सही येथेही होती. तिच्यामागे कोणाचे दुःख मात्र नव्हते. पुण्या-मुंबईकडचा एम. ए. झालेला विद्यार्थी सिद्धान्तांत कोणालाही हार जात नसे, आणि तरी प्रत्यक्ष रडणाऱ्या माणसापुढे बसण्याची वेळ आली म्हणजे गोंधळून जाई, यात त्या विद्यार्थ्याचा दोष नव्हता.

सरकारने या बाबतीत पुढाकार घेतला तो फार उशिरा. १९९२ च्या पुनर्वसन परिषदेच्या कायद्याने चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदवही आली, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या व्याख्येत, पदव्युत्तर पदवीनंतर देखरेखीखालील दवाखान्यातील तालमीसह दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम मोजला गेला. व्याख्येत आलेली ही तालीम द्यावयाची तर विद्यापीठाला आपल्या आवारात दवाखाना, दवाखान्यासाठी संचालक, आणि संचालकासाठी उमेदवारांच्या टिपणांवर सही करायला वेळ असलेले अध्यापक लागतात. आणि आपल्याकडच्या बऱ्याच विभागांत यांपैकी पहिल्या गोष्टीची मागणी अजून अंदाजपत्रकातच अडकलेली आहे.